‘पिशवी काढली’ या वाक्याचा कर्ता

समाजशास्त्र, समाजकार्य आणि स्त्री-अभ्यास विभागांतल्या संशोधन-मार्गदर्शकांना खुले पत्र

आदरणीय सर, आदरणीय मॅडम,



आपल्यापैकी बऱ्याच जणांनी माझं काम वाचलेलं आहे, पण माझं नाव आपल्याला माहीत असण्याचं कारण नाही. गेली १४ वर्षं मी दुसऱ्यांच्या संशोधनासाठी मुलाखती घेते, रेकॉर्डिंग ऐकून त्या शब्दशः उतरवते आणि त्यांचं इंग्रजी करून देते. बीड जिल्हा माझा. माझे आईवडील १६ हंगाम कारखान्याला गेले. आमच्याकडं ऊसतोडीला जाण्याला ‘कारखान्याला जाणं’ म्हणतात. ज्यांनी उभ्या जन्मात कारखान्याच्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही, तेही तसंच म्हणतात. मला आजीजवळ ठेवलं म्हणून माझी शाळा सुटली नाही. एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर मी ज्या वस्त्यांत वाढले तिथंच वही आणि रेकॉर्डर घेऊन परत गेले. प्रश्न विचारणारी मी आहे, आणि ज्या घरांत ते प्रश्न विचारले जातात त्यांतलं एक घर माझंही आहे.

हे पत्र लिहायला बसले ते एका वाक्यामुळं.

‘दोन लेकरं झाली अन् पिशवी काढली.’

२०१९ साली आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनांच्या बातम्या देशभर गेल्या. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. साधारण सहातली एक. त्यानंतर आमच्या गावांत पत्रकार आले, संस्था आल्या, आपले विद्यार्थी आले. त्यांनी यायलाच हवं होतं. किती जणींचं ऑपरेशन झालं हे पाहणीनं सांगितलं. सहातल्या एकीवर ही वेळ का आली, हे फॉर्मवरच्या चौकटीत मावणारं नव्हतं. त्यासाठी बाईजवळ बसावं लागतं.

अशाच एका मुलाखतीत वरचं वाक्य आलं. कोपीच्या, म्हणजे ऊसतोडीच्या वेळच्या झोपडीच्या, दाराशी बसून भाकरी थापता थापता ती बोलत होती. तिनं ते वाक्य टाकलं, भाकरी उलटली आणि पुढं बैलाच्या दुखण्याचं सांगायला लागली. माझ्या हातात ४२ प्रश्नांची यादी होती आणि मी पुढच्या प्रश्नाला गेले.

रात्री इंग्रजी करायला बसले तेव्हा मला कर्ता लागला. मराठीत तिला तो लागला नव्हता. आपल्या भाषेत सकर्मक क्रियापद साध्या भूतकाळात बहुतेक वेळा कर्माच्या लिंगवचनाप्रमाणं चालतं. ‘पिशवी काढली’ यात ‘काढली’ हे रूप पिशवीकडं बघून आलेलं असतं, काढणाऱ्याकडं बघून नाही. काढणारा वाक्यात नसला तरी वाक्य पूर्ण होतं. ‘मी’ असेल, ‘त्यांनी’ असेल, ‘डॉक्टरनं’ असेल. इंग्रजीत तशी सोय मला त्या रात्री सापडली नाही. मी ‘मी माझी पिशवी काढून घेतली’ अशा अर्थाचं वाक्य टाइप केलं, कारण ते सरळ बसत होतं, आणि झोपले.

पुढं त्या प्रकल्पाचा अहवाल छापून आला. त्यात ‘स्त्रियांची निर्णयक्षमता’ असं एक प्रकरण आहे. कामात अडथळा नको म्हणून बायका स्वतःच्या शरीराबद्दल विचारपूर्वक निर्णय घेतात, असं त्यात म्हटलंय, आणि पुराव्यादाखल मी केलेलं ते वाक्य अवतरणचिन्हांत आहे. दोन वर्षांनी दुसऱ्या एका विद्यापीठाचा अहवाल माझ्या हाती आला. वेगळं गाव, वेगळी बाई, जवळपास तेच मराठी वाक्य. तिथल्या भाषांतरकारानं ‘त्यांनी माझी पिशवी काढली’ असं केलं होतं. त्या अहवालात प्रकरणाचं नाव ‘सक्ती आणि हिंसा’ होतं. दोन्ही मार्गदर्शक मोठे अभ्यासक आहेत. पण दोन्ही ठिकाणी सगळा सिद्धान्त ज्या कर्त्यावर उभा राहिला, तो कर्ता बाईनं दिलेलाच नव्हता. तो एकीकडं मी दिला होता, दुसरीकडं माझ्यासारख्याच कुणीतरी. मूळ रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायला कुणी मागितलं नाही.

या चुकीतला माझा वाटा मला मान्य आहे. ‘कुणी काढली?’ एवढं विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. ते मनाला लागून राहिलंय. पण हा एकटीचा दोष असता तर मी आपल्याला पत्र लिहिलं नसतं. म्हणून पहिली विनंती: ज्या वाक्यावर आपण निष्कर्ष उभा करणार आहात, ते मूळ मराठीत, बाईनं उच्चारलं तसं, प्रबंधात छापा. त्याखाली भाषांतर द्या, आणि भाषांतरात आपण काय भरलं तेही लिहा. चार ओळी वाढतील. वाचणाऱ्याला निदान कळेल की इथं एक दार उघडं होतं आणि आपण ते एका बाजूला लावून घेतलं.

शब्दांबद्दलही थोडं सांगते. भाषांतरात ‘उचल’चं, म्हणजे मजूर नेणाऱ्या मुकादमानं हंगामाआधी दिलेल्या आगाऊ पैशांचं, ‘कर्ज’ होतं. कर्ज फेडता येतं. उचल अंगावर घेतली की माणूस हंगामाला बांधला जातो, आणि हंगाम संपल्यावर हिशेबात ती फिटली नाही तर पुढच्या हंगामालाही. ‘कोयता’ म्हणजे आमच्याकडं नवरा-बायकोची जोडी. मुकादम जोडी मोजतो. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. एका प्रबंधात मी वाचलं की ‘उत्तरदात्या कुटुंबाकडं एक कोयता होता’. ते वाक्य लिहिणाऱ्या मुलाला हसू नका, त्याला कुणी सांगितलंच नाही. पण ज्या व्यवस्थेत बाई एकटी मोजलीच जात नाही, ती अख्खी व्यवस्था त्या एका शब्दात आहे आणि ती भाषांतरात नाहीशी झाली. आता तर रेकॉर्डिंग मशीनवरून उतरवून घ्यायची पद्धत पडतेय. माझ्याकडं तपासायला आलेल्या एका मजकुरात जिथं जिथं ‘खाडा’ होता, तिथं तिथं ‘खड्डा’ पडला होता. एक दिवस कामाला गेलं नाही की खाडा, आणि खाड्याचा दंड. पाळीत अंग मोडून येणारी बाई खाडा का धरत नाही, हे समजल्याशिवाय पिशवीचा प्रश्न समजणार नाही.

त्रिंबक नारायण अत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ छापला तेव्हा गावातल्या प्रत्येक हक्काचा, प्रत्येक बलुत्याचा, प्रत्येक फिरस्त्याचा शब्द जसाच्या तसा ठेवला. शंभर वर्षांनीही ते पुस्तक उपयोगी पडतं ते त्या शब्दांमुळं. आपल्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी मानववंशशास्त्रज्ञ गीर्ट्झ वाचायला देता, जरूर द्या. त्याच्याच शेजारी अत्रे ठेवा.

आता वेळेचं. फिल्डवर्कला मुलं येतात ती दिवाळीच्या सुट्टीत. दसरा-दिवाळी होते आणि आमची गावं रिकामी होतात. मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि कुलपं. माझ्या डोळ्यांदेखत एका विद्यार्थिनीनं ‘ऊसतोड महिलांचे आरोग्य’ या विषयावर गावात राहिलेल्या सासवांच्या २० मुलाखती घेतल्या, कारण तिच्या वेळापत्रकात दहाच दिवस होते आणि फेलोशिपचे पैसे अजून आले नव्हते. तिला मी दोष देत नाही. आपल्यालाही वेळापत्रकं वरूनच येतात, सहा-सहा, आठ-आठ विद्यार्थी सांभाळून शिकवायचं असतं, हे मी पाहिलंय. तरीही विषय मंजूर करताना एवढं विचारा: ज्यांच्याबद्दल लिहिणार, ती माणसं कोणत्या महिन्यात कुठं असतात?

आणि उसाच्या फडावर गेलात तर तिथला तास कुणाचा असतो तेही बघा. बाई पहाटे अंधारात उठते, स्वयंपाक उरकते, उजाडायच्या आत फडात असते. तोडायचं, पाचट काढायचं, मोळी बांधायची, डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. गाडी भरायला रात्री आली तर रात्री भरायची. पैसे टनावर. अशा बाईला ‘फक्त एक तास द्या’ म्हणताना आपण तिच्या जोडीच्या मजुरीतून काहीतरी उचलत असतो. मी मानधनाचा मुद्दा काढला की मला सांगितलं जातं, पैसे दिले तर उत्तरं दूषित होतात, आमिष ठरतं. सर, माझी मुलाखत घेण्याची मजुरी मला मिळते, आपला पगार आपल्याला मिळतो, विद्यार्थ्याला फेलोशिप मिळते. उत्तर देणारीनं मात्र फुकट बसायचं, आणि त्याला आपण शुद्धता म्हणायचं, हे मला पटत नाही. तिचा बुडालेला वेळ भरून द्या. तेवढी मजुरी प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरा, आणि ती कशी दिली ते उघड लिहा.

संमतीपत्राबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय. आपल्याकडून येणारं संमतीपत्र चार पानांचं असतं. ‘सदर संशोधनातील आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून आपण कोणत्याही टप्प्यावर कोणतेही कारण न देता माघार घेऊ शकता.’ वाक्य चांगलं आहे, त्यामागची भावनाही चांगली आहे. पण ते वाचून दाखवताना समोरच्या बाईचे डोळे कागदाच्या खालच्या टोकाला असतात, जिथं सही किंवा अंगठ्याची जागा आहे. तिच्या आयुष्यात अंगठा तीन-चार वेळाच लागलेला असतो. उचलीच्या कागदावर. दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी. जमिनीच्या वाटणीत, भावासाठी हक्क सोडताना. प्रत्येक वेळी अंगठा दिल्यावर तिच्या हातून काहीतरी गेलंय. एका मावशीनं मला विचारलं होतं, ‘ह्याच्यावर अंगठा दिला तर मला कुठं जावं लागंल?’ मी म्हटलं, कुठंच नाही. ती म्हणाली, ‘मंग कामून घेतीस?’

मी तो कागद का घेत होते? खरं उत्तर असं की संशोधनाच्या नैतिकता समितीच्या फाइलीत तो लागतो. तो त्या मावशीला कुठंच लागत नाही. पारधी वस्तीवर तर कागद काढला की माणसं उठून जातात. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, पण नाव लिहून घेणारा माणूस म्हणजे हजेरी आणि पोलीस, ही आठवण तिथं घराघरांत आहे.

याचा अर्थ संमती घेऊ नका असा मी मुळीच काढत नाही. उलट ती जास्त घ्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, समितीची मान्यता घेऊन, तोंडी संमतीची वाट ठेवलेली आहे. आरोग्यविषयक समाजविज्ञान-संशोधनासाठी मुंबईत ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकारानं एका राष्ट्रीय समितीनं २००० सालीच तत्त्वं लिहिली होती. वाट आहे, आपण समितीपुढं तिचा आग्रह धरत नाही. संमती एकदा सुरुवातीला घेऊन संपत नाही. मुलाखत झाल्यावर मी आता प्रत्येकीला विचारते, ‘आज जे बोललीस त्यातलं काय ठेवू, काय काढू?’ निम्म्याहून जास्त जणी काहीतरी काढायला सांगतात. तीच खरी संमती, असं मला वाटतं. आणि त्यातून आणखी एक पेच निघतो. मी तिथलीच असल्यामुळं रेकॉर्डर बंद केल्यावर बायका म्हणतात, ‘तुला म्हणून सांगते.’ त्यानंतर जे येतं ते बहुतेक वेळा साऱ्या मुलाखतीतलं सगळ्यात महत्त्वाचं असतं. एका मार्गदर्शकांनी मला ते ‘क्षेत्रटिपणात’ लिहून द्यायला सांगितलं, म्हणजे मुलाखतीत न धरताही वापरता येईल. मी दिलं नाही. त्या प्रकल्पातून माझं काम गेलं. पुन्हा तशी वेळ आली तरी मी देणार नाही, कारण ‘तुला म्हणून’ या दोन शब्दांत कुठलं विद्यापीठ बसत नाही.

आडनावाचं थोडक्यात सांगते. कुठल्याही गावात वही-पेन काढायच्या आधी आपल्याला प्रश्न येतो, ‘आडनाव काय म्हणायचं?’ माझं आडनाव सांगितलं की काही घरांत खाट टाकली जाते, काही घरांत ओसरीच्या पुढं बोलावलं जात नाही, आणि काही वस्त्यांत माझ्यासमोर विषयच बदलला जातो. मग मुलाखतीत काय आलं हे त्या खाटेवर आणि ओसरीवर ठरलेलं असतं. प्रबंधात मात्र ‘संशोधकाची भूमिका’ नावाचा एकच परिच्छेद असतो आणि तो एकमेकांवरून उतरवलेला असतो. इरावती कर्वे वारीत चालल्या आणि एकाच दिंडीतल्या ब्राह्मण आणि मराठा बायका वेगवेगळ्या जेवतात हे त्यांनी ‘वाटचाल’ या लेखात लिहिलं, त्याचा आपल्याला त्रास झाला हेही लिहिलं. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ साली रामपुरा या गावात राहिले. १९७० साली स्टॅनफर्डला त्यांची टिपणं आगीत गेली आणि त्यांनी आठवणीतून ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ लिहिलं. वरच्या जातींच्या घरांतून आपल्याला गाव दिसलं, दलित वस्तीत आपलं जाणं कमी झालं, हे त्यांनी कबूल केलं. एवढ्या मोठ्या माणसांना ते लिहिण्यात कमीपणा वाटला नाही. आपल्या विद्यार्थ्याला निदान दोन पानं लिहू द्या: मी कुणाच्या घरी उतरलो, कुणाच्या घरचं पाणी प्यालो, कुठं मला नेलं गेलं नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक विचारतात, ‘सॅम्पल किती? टक्के किती?’ आणि आपण गप्प बसता. त्या धास्तीनं मुलं ३० मुलाखतींचे गोल तक्ते काढतात. ‘६० टक्के महिलांनी दुःख व्यक्त केले.’ आपण तिथं आपल्या विद्यार्थ्याच्या बाजूनं बोला, एवढंच मागणं.

आता जे सांगायचंय ते लिहिताना मला अजूनही जड जातं.

एका अहवालात एका बाईचं नाव बदलून दुसरं घातलं होतं. नियमाप्रमाणं सगळं झालं होतं. पण खाली तिचं वर्णन होतं: तालुका, छोटी वाडी, विधवा, दोन मुली, आधी एका टर्मला ग्रामपंचायत सदस्य. आमच्या भागात एवढं वाचल्यावर नाव कशाला लागतं? अहवालात तिनं मुकादमाच्या हिशेबाबद्दल आणि फडावर रात्री काय चालतं त्याबद्दल सांगितलेलं होतं. त्यावर एक बातमी झाली, बातमी मोबाईलवरून फिरली, आणि मुकादमानं पुढच्या हंगामाला तिला उचल दिली नाही. दुसऱ्यानंही दिली नाही. ‘ती बोलती’ एवढंच कारण. तिनं ते वर्ष गावात रोजगारावर काढलं आणि थोरल्या मुलीची शाळा सुटली. मला ते कळलं सात महिन्यांनी. मी त्या संस्थेला कळवलं. उत्तर आलं की ओळख गुप्त ठेवण्याचे सर्व निकष पाळले गेले आहेत. निकष पाळले गेले होते, हे खरंच आहे.

मी तिच्या घरी गेले तेव्हा तिनं मला चहा दिला. रागावली नाही. ‘तू तर लिहूनच घेतलं व्हतं,’ एवढंच म्हणाली.

आणि याच्या उलटही घडतं. एका म्हाताऱ्या आजीनं तिच्या आयुष्याची सगळी कहाणी तीन दिवस सांगितली, आणि छापील पानावर आपल्या जागी कुणा ‘सुमन’चं नाव आहे हे नातवानं वाचून दाखवल्यावर ती भडकली. ‘माझं जगलेलं तिला का दिलं?’ गी पॉतवँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या गाणाऱ्या बाईच्या नावानं, गावानं नोंदवल्या. ती ओवी तिची आहे हे कुणाला पुसता येणार नाही. मग नाव लपवायचं की लावायचं? माझं मत एवढंच की हे विद्यापीठानं ठरवू नये. बाईला विचारावं, आणि विचारण्याआधी दोन्हीतले धोके तिला समजतील अशा भाषेत सांगावेत. लपवायचं ठरलं तर खरोखर लपेल असं लपवावं: तालुका काढा, मुलींचा मुलगा करा, लागलं तर दोन बायकांची हकिगत एकत्र करा आणि तसं केल्याचं लिहा. आपलं वर्णन थोडं ढिलं पडेल. पडू दे.

उतरवून काढणाऱ्यांबद्दलही कुणीतरी बोलायला हवं. एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला मला सात-आठ तास लागतात. पैसे रेकॉर्डिंगच्या मिनिटावर. एकेक वाक्य चार-चार वेळा मागं घेऊन ऐकावं लागतं. एका बाईनं फडातल्या अत्याचाराबद्दल सांगितलेलं मी असं मागं-पुढं करत दोन रात्री ऐकलं. ती एका जागी थांबते. ११ सेकंद नुसता वारा आणि दूर ट्रॅक्टरचा आवाज. मी कंसात ‘शांतता’ असं लिहिलं. अंतिम अहवालात जागा कमी पडली म्हणून तो कंस काढला गेला आणि तिची दोन वाक्यं एकमेकांना चिकटली. वाचणाऱ्याला वाटावं की ती हे एका दमात बोलली. आम्ही काय ऐकतो, त्याचं पुढं काय होतं, झोप लागते का, हे आजवर मला एकाही प्रकल्पप्रमुखानं विचारलेलं नाही. ऋणनिर्देशात आमच्यासाठी ‘क्षेत्रकार्यात मदत करणारे सर्वजण’ एवढेच शब्द असतात. माझी मागणी साधी आहे. मुलाखत कुणी घेतली, कुणी उतरवली, भाषांतर कुणी केलं, ही तीन नावं पहिल्या पानावर छापा. मार्गदर्शकाचं नाव तिथं असतंच.

शेवटची गोष्ट वाचून दाखवण्याची.

प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर जातात, अनेकदा इंग्रजीत. ज्यांच्याकडून नेलं त्यांच्यापर्यंत ते परत येत नाहीत. तीन वर्षांपूर्वी वैशाखात मी एका अहवालाच्या महत्त्वाच्या ४० पानांचं स्वतःच मराठी केलं आणि गावच्या मारुतीच्या सभामंडपात रात्री जेवणं झाल्यावर वाचलं. १४ बायका आल्या होत्या. ज्या प्रकरणात पिशवीचा विषय होता तिथं पोचले आणि ‘स्त्रिया स्वतः निर्णय घेतात’ असं वाचलं. एकीनं हात केला.

‘थांब. आसं न्हाई म्हणले मी.’

मग ती बोलली, ते मी त्या रात्री घरी येऊन आठवेल तसं लिहून ठेवलं. अंगावरून जायचं, उभं राहवत नव्हतं, तसंच फडात जायची. खाडा पडला की पैसे कापायचे. कापलेले पैसे बघून सासू म्हणाली, काढून टाक एकदाची. डॉक्टरनं भीती घातली, ठेवली तर कॅन्सर होईल. नवरा नको म्हणत होता. मुकादमाकडून ऑपरेशनला पैसे उचलले, ते पुढच्या उचलीत धरले. ‘शेवटाला दवाखान्यात मीच चालत गेले, कुणी उचलून नेलं न्हाई. आता तूच सांग बाई, कुणी काढली?’

सभामंडपात कुणी काही बोललं नाही. मग दुसरी म्हणाली, तिची तर डॉक्टरनंच काढली, तिला नीट सांगितलंही नव्हतं. तिसरी म्हणाली, ‘मी काढली. मलाच नको झालती.’ तिघींचं ऑपरेशनचं गाव एकच होतं आणि तिघींनी मुलाखतीत एकच वाक्य दिलं होतं.

चाळीस पानांत जे आलं नव्हतं ते त्या रात्री दोन तासांत आलं, कारण पहिल्यांदाच त्यांच्यासमोर त्यांचंच बोलणं ठेवलं गेलं होतं आणि ते चूक आहे म्हणायची त्यांना मुभा होती. मी ते प्रकल्पाला कळवलं. अहवाल छापून झाला होता. पुढच्या आवृत्तीत बघू, असं उत्तर आलं.

म्हणून माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. प्रबंध सादर करण्याआधी, नंतर नव्हे, त्याचा मराठीतला दहा पानांचा मजकूर त्या त्या गावात, वस्तीवर, तांड्यावर वाचून दाखवणं सक्तीचं करा. तिथं बायकांनी जे खोडलं, बदललं, नाकारलं, ते शेवटच्या प्रकरणात लिहायला लावा. विद्यापीठाचा नियम व्हायला वेळ लागेल. आपल्या एका विद्यार्थ्यापासून सुरुवात करायला नियम लागत नाही. स्वतः एकदा येऊन सभामंडपात मागं बसा. एक मॅडम आल्या होत्या, रात्री साडेदहापर्यंत बसल्या, आणि परत गेल्यावर त्यांनी विद्यार्थिनीचं एक प्रकरण पुन्हा लिहायला लावलं. त्या मुलीला सहा महिने उशीर झाला. ती आज माझ्याशी फोनवर बोलते तेव्हा त्या सहा महिन्यांची तक्रार करत नाही.

यंदा अक्षय तृतीयेपर्यंत बहुतेक टोळ्या परत आलेल्या असतील. माझ्याकडं चार अहवाल आहेत, त्यांचं मराठी करून ठेवलंय. ज्यांना आपला प्रबंध गावात वाचून दाखवायचाय त्यांनी तो महिनाभर आधी पाठवावा. दहा पानांचं मराठी मी करून देईन, पैसे नकोत. सतरंजी, दिवा आणि पाण्याचा हंडा गावात मिळतो. एकच अट आहे: वाचन चालू असताना रेकॉर्डर बंद ठेवायचा, आणि जे खोडलं जाईल ते आपल्या हातानं, पेनानं, तिथंच खोडायचं.



आपली,
बीड जिल्ह्यातली एक क्षेत्र-संशोधक